दर चोविसावी ओळ

कुंभवली, बोईसर
१० नोव्हेंबर २०२५

ती. नर्मदामावशी यांस,
सादर नमस्कार.

तुमच्या कानाच्या यंत्रातून आता शिट्टीखेरीज काही ऐकू येत नाही, हे गेल्या आठवड्यात फोनवर कळलं. मी बोलत होते आणि तुम्ही मधूनमधून नुसतं "बरं, बरं" म्हणत होतात. म्हणून यापुढे पत्र. बोईसर ते सातपाटी टपालाला तीन दिवस लागतात; मी स्वतः आले तर दीड तास. तरी पत्रच लिहिते, कारण बोलताना मी घाई करते आणि मागाहून वहीत लिहिताना कळतं की सांगायचं ते राहूनच गेलं.

बातमी चांगली आहे. तुमच्या महिला संस्थेच्या नव्या ओट्यासाठी पाण्याची जी मोजणी आमच्या ऑफिसने घेतली होती, तिचा अहवाल मागच्या सोमवारी गेला. मासळी सुकवायला जुन्या मिठागरातली जागा मिळाली खरी, पण तिथे कधी कोणी राहिलं नाही, त्यामुळे भरतीचं पाणी तिथे किती चढतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथल्या खाडीत खांबाला आम्ही यंत्र बसवलं. ते दर तासाला पाण्याची उंची नोंदवतं. १ नोव्हेंबर २०२३ च्या सकाळी सहापासून दोन वर्षांच्या १७,५४४ ओळी जमल्या. मधलं वर्ष लीप होतं, तो दिवसही मी विसरले नाही.

एवढ्या ओळी कोणी वाचणार नाही. साहेब म्हणाले, "थोडक्यात द्या." माझ्या मनात आलं, मी निवडायला बसले तर नकळत सोयीच्या ओळी निवडीन. म्हणून निवड माझ्या हातातच ठेवली नाही. संगणकाला सांगितलं, ओळीच्या क्रमांकाला चोविसाने भाग. बाकी एक उरली तर ती ओळ ठेव, नाहीतर सोड. पहिली, पंचविसावी, एकोणपन्नासावी अशा ७३१ ओळी आल्या. समान अंतर, कोणाचा पक्षपात नाही. त्यात पाणी सगळ्यात वर चढलं ते २.१४ मीटर. त्यावर दोन फूट धरून ओट्याची उंची २.७५ ठरली आहे. १२ डिसेंबरला कोळगावला जिल्हा कार्यालयातल्या बैठकीत ती मंजूर झाली की लगेच काँक्रीट.

तक्त्याची प्रत सोबत आहे. आमच्या दारात टोपली उतरवून आईला बोंबील साफ करायला शिकवणाऱ्या बाईच्या कामी माझं शिक्षण आलं, याचं मला किती वाटतं ते लिहीत नाही. लिहिलं तर बढाई होईल.

तुमची
दीपा


सातपाटी
१४ नोव्हेंबर

चि. दीपा बायला नर्मदामावशीचे आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. पोस्टमन म्हनाला, मावशी, तुमाला कोर्टाची नोटीस आली काय, एवढं जाड पाकीट. म्हटलं, माज्या पोरीचं हाय, तू तुजं काम कर.

कागद फार सुरेख हाय. आकडे वलांडीवर, सुकवायच्या दोरीवर, टांगलेल्या बोंबलांवानी एका रेषेत. मी चष्मा लावून दोन दिवस वाचला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं नि तारखा जुळवत बसले. सून म्हनाली, आई परीक्षेला बसली.

एक इचारू का? राग नको मानू. कोजागिरीच्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, तुज्या कागदात पानी पार तळाला हाय. दिवाळीच्या अवसेलाबी तळाला. नि मधल्या आठमीला सगळ्यात वर. मी मागचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं. सगळीकडं तसंच. आठमीला उधान नि अवस-पुनवेला भांग.

आमच्याकडं उलटं असतं गो. अवस-पुनवेला उधान येतं, पानी अंगावर येतं. आठमीला भांग, पानी मेल्यावानी पडून असतं, होड्या हलत नाय. हे सातपाटीच्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय.

ते यंत्र खांबाला उलटं तर नाय ना बशिवलं? खाली डोकं वर पाय? मानूस बशिवनार, चुकतं. बघून घे.

जावई अंकुशरावांना विचारलं म्हून सांग. पाकिटात सुक्या कोलंबीचे सोडे घालनार हुते, पन पोस्टात वास सुटला तर पोस्टमन परत बोलंल.

नर्मदा


कुंभवली
१९ नोव्हेंबर

ती. नर्मदामावशी,
नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. यंत्र उलटं नाही. ते बसवताना मी स्वतः गुडघाभर चिखलात उभी होते, आणि दर तीन महिन्यांनी पट्टी लावून पडताळणीही केली आहे. त्या वेळच्या सह्या माझ्या आहेत.

मला वाटतं, दोन गोष्टी असाव्यात. एक म्हणजे मिठागर गावापासून आत आहे. खाडीच्या वळणांमुळे तिथलं पाणी समुद्रकिनाऱ्यासारखं वागत नसेल. दुसरं, आणि हे लिहिताना संकोच वाटतो, माणसाला मोठं पाणी लक्षात राहतं. शंभर दिवस पाणी साधं असतं, एक दिवस उंबऱ्याला लागतं, आणि आपण म्हणतो, पाणी उंबऱ्याला लागतं. यात तुमची चूक नाही. आपल्या सगळ्यांच्याच आठवणीची ती खोड आहे. नेमकी तिच्यापासून वाचायलाच तर समान अंतराने नोंदी घ्यायच्या. तुम्ही नाही का वलांडीवरचा दर दहावा बोंबील दाबून बघत, सुकला की नाही ते? प्रत्येक बोंबील कोण दाबणार? दहावा सुकला, तर बाकीचे सुकले.

तसंच आहे हे. काळजी करू नका.

दीपा

ता. क. हे पाकीट चिकटवल्यावर पुन्हा फोडलं. "काळजी करू नका" हे मी तुम्हाला लिहिलं की स्वतःला, ते कळेना. तरी पाठवते.


सातपाटी
२४ नोव्हेंबर

दीपा बाय,

तू शिकलेली, मी सातवी. पन बोंबलाचं तू मला नको शिकवू.

दर दहावा बोंबील आमी नाय दाबत. माजी सासू दाबायची. एका साली तिनं नवी वलांडी बांधली, खांब जवळजवळ घेतले, नि दोन खांबांच्या मदी दोरीवर बरोबर दहा बोंबील बसले. ती मोजत गेली, दहावा, दहावा, दहावा. दर दहावा खांबाला चिकटलेला. तिथं वारा लागत नाय, तो ओलाच. ती म्हनाली, सगळा माल ओला हाय, अजून दोन दिवस ऱ्हाऊ दे. दोन दिवसांत बाकीचे एवढे वाळले की हातात घेतले की मोडायचे. म्हातारी आठ दिवस जेवली नाय नीट. तवापासून आमच्या घरात मोजून दाबत नाय. मनाला येईल तिथं हात घालायचा. एक हितं, एक तितं, एक पार टोकाला.

म्हून इचारते. तुज्या कागदातला रोजचा आकडा किती वाजताचा हाय? तारीख लिवलीस, वेळ नाय लिवली.

आमचा हिशोब असा. तिथीची पाऊनपट करायची. चौथ असंल तर चाराची पाऊनपट तीन, म्हंजे तीन वाजता भरती. आठमी असंल तर आठाची पाऊनपट सहा. सहा वाजता भरती, सकाळीबी नि सांजलाबी. पुनव म्हंजे पंधरा. पंधराची पाऊनपट सव्वाअकरा. माज्या बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. दहा-पंधरा मिन्टं मागंफुडं होतं, पन एवढंच.

येत्या गुरवारी नाय, त्याच्या पुढच्या गुरवारी, ४ तारखेला पुनव हाय. सव्वाअकराला मिठागरात ये. आपन दोगी बघू.

नर्मदा


कुंभवली
२९ नोव्हेंबर

ती. मावशी,

काय लिहू आणि कुठून, कळत नाही. घडलं तसं लिहिते.

तुमचं पत्र परवा दुपारी ऑफिसात मिळालं. "वेळ नाय लिवली" इथपर्यंत वाचलं आणि यादी उघडली. यंत्र सुरू झालं सकाळी सहाला. पहिली ओळ सहाची. चोवीस ओळी म्हणजे चोवीस तास, म्हणून पुढचीही सहाची. त्याच्या पुढचीही. मावशी, माझ्या ७३१ ओळी म्हणजे ७३१ सकाळी सहा वाजताचं पाणी. दोन वर्षं मी रोज एकाच वेळी डोळा उघडला आणि मिटला.

आणि तुमच्या पाऊणपटीने पुनवेची भरती सव्वाअकराला. अवसेचीही तेव्हाच. म्हणजे उधाणाच्या दिवशी सकाळी सहाला पाणी नेमकं ओहोटीच्या तळाशी. दर उधाणाला! एकदाही चूक नाही. सहा वाजता भरती सापडते ती फक्त अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाची, मेल्यासारखी. माझ्या तक्त्यात समुद्र कधी मोठा झालाच नाही, कारण तो मोठा व्हायचा तेव्हा माझी ओळ नसायची.

मग मी एक केलं. संगणकाला दिलेल्या सूचनेत "बाकी एक" होतं, तिथे "बाकी सात" लिहिलं. एवढंच. एका आकड्याच्या जागी दुसरा. आता सहाऐवजी दुपारी बाराच्या ओळी आल्या. तेच यंत्र, त्याच दोन वर्षांचं तेच पाणी, तसंच समान अंतर. आणि समुद्र उलटा झाला. पुनवेला शिखर, अष्टमीला तळ. तुमच्या सातपाटीचा समुद्र माझ्या पडद्यावर उभा राहिला. मी खुर्चीत मागे सरकले, खरंच सरकले, पाणी अंगावर यावं तशी.

मग धीर करून चोवीसऐवजी पंचवीस लिहिलं आणि सुरुवात एका उधाणाच्या भरतीपासून केली. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते, म्हणून दर पंचविसावी ओळ तिच्या मागोमाग चालते, जवळजवळ पावलावर पाऊल टाकून. पहिल्या आठ-दहा ओळी नुसत्या भरत्याच होत्या. उधाणाकडून भांगाकडे पायरी पायरी उतरणाऱ्या. मी त्या बोटाने मोजत खाली आले. चंद्र ज्या वेळाने सरकतो तो वेळ माझ्या बोटाखाली होता. खांबाला बांधलेल्या त्या डबीला चंद्र माहीत नाही, तिथी माहीत नाही, तरी तिने सगळं लिहून ठेवलं होतं. १७,५४४ ओळींत कुठेही "पौर्णिमा" हा शब्द नाही, आणि एकही पौर्णिमा गळलेली नाही.

तुमची पाऊणपटही ताडून बघितली. दोन वर्षांतली प्रत्येक भरती. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. मावशी, मी संख्याशास्त्र शिकले. तुमच्या वडिलांच्या वडिलांनी हे कशावर लिहिलं होतं?

आता वाईट. सगळ्या ओळींतली खरी कमाल पातळी ३.२१. गेल्या वर्षी १९ सप्टेंबरला, दुपारी एकची. मी लिहिली २.१४. साडेतीन फुटांचा फरक. कमाल काढताना मी मूळ यादीकडे परत गेलेच नाही, चाळलेल्या ७३१ ओळींतूनच काढली. ओट्याची उंची २.७५. म्हणजे मोठ्या उधाणाला तुमच्या ओट्यावर दीड फूट पाणी असेल आणि त्यात तुमची मासळी.

एकही आकडा खोटा नव्हता, हे मी दोन दिवस स्वतःला सांगते आहे. त्याने काही हलकं होत नाही. तुम्हाला लिहिलं होतं की निवड माझ्या हातात ठेवली नाही. ठेवली होती. चोवीस मीच निवडले, कारण चोवीस नीटनेटके वाटले. आणि वर तुम्हाला आठवणीची खोड शिकवली.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. अहवालावर माझी सही आहे. बैठकीआधी सांगेनच, पण कसं सांगायचं ते ठरत नाही. तोवर तुम्ही कोणाला बोलू नका, एवढी विनंती. ही विनंती करताना मला माझी लाज वाटते, हेही लिहून ठेवते.

दीपा


सातपाटी
२ डिसेंबर

दीपा बाय,

रडत लिवलंस. दोन जागी शाई फुटली हाय.

एक गोष्ट मी तुज्यापासून लपवली. १६ तारखेला आमच्या संस्थेची सभा झाली. ओट्याच्या उंचीचा ठराव मीच मांडला. तुजा कागद उलटा वाटतो, हे मला तवा ठावं होतं. तुला पत्र टाकून दोनच दिस झाले हुते. तरी मांडला. गोजराबाई उठली नि म्हनाली, "नर्मदे, पानी कदी कागद वाचून येतं काय?" सगळ्या हसल्या. मला राग आला. मी म्हटलं, "ह्यो कागद दीपाचा हाय, आपल्या दीपाचा. तुजी पोरं बारावीला तीनदा बसली, तू गप." चव्वेचाळीस बायांनी सह्या केल्या. गोजराबाईनंबी केली, तोंड वाकडं करून.

म्हून चूक तुजी एकटीची नाय. तू चोवीसला भुललीस, मी तुज्या नावाला. आता ह्या बाया जुनी जागा सोडतील नि त्या ओट्यावर माल घालतील, ते माज्या शब्दावर.

तू म्हनतेस कुनाला बोलू नको. बाराला मी कोळगावला येनार हाय, संस्थेची म्हून. तवर गप ऱ्हाते. त्या दिवशी तू बोललीस तर बरं. नाय बोललीस तर मी उठनार. मला ऐकू येत नाय, पन बोलता येतं.

बापाच्या बापानं कशावर लिवलं इचारलंस. कशावर नाय. त्याला लिवता येत नव्हतं.

हे पत्र सुनेच्या हातनं धाडते, टपालानं गुरवारच्या आत नाय पोचनार. गुरवारी ये. सव्वाअकरा. पायात चामड्याच्या चपला नको घालू.

नर्मदा


कुंभवली
७ डिसेंबर

ती. मावशी,

गुरुवारी तुमच्याशेजारी उभी राहून जे पाहिलं ते लिहून ठेवते.

आपण पोहोचलो तेव्हा मिठागरात नुसता चिखल आणि खाडीच्या पात्रात एक बारकी चमकणारी रेघ. ओट्याच्या उंचीची लाल रंगाची खुंटी बांधावर ठोकलेली. ठेकेदाराचा माणूस तिला टेकून बिडी ओढत होता. मी त्याला म्हटलं, "यहाँ पानी आएगा." तो म्हणाला, "मॅडम, दो महीने से इधर हूँ. सुबह आता हूँ, नौ बजे दूसरी साइट पे चला जाता हूँ, आज ही रुका हूँ. पानी तो उधर नीचे ही रहता है." मावशी, तोही माझ्यासारखाच. रोज एकाच वेळी बघणारा.

मग ती रेघ रुंद झाली. आवाज नाही, लाट नाही. मी लाटेची वाट बघत होते आणि पाणी नुसतं असायला लागलं होतं. आधी नव्हतं तिथे होतं. चिखलातली खेकड्यांची भोकं एकेक करून बुडबुडा सोडून मिटली. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या होतात, घड्याळाकडे एकदाही न बघता. अकराला पाणी खुंटीच्या बुडाला लागलं. सव्वाअकराला लाल रंग बुडाला. ठेकेदाराचा माणूस चपला हातात घेऊन बांधावर चढला आणि म्हणाला, "अरे बाप रे." पाणी तरी थांबेना. साडेअकराला खुंटीवर फूटभर पाणी होतं आणि मग ते थांबलं. थांबलं म्हणजे कसं, ते मला कधी लिहिता येणार नाही. इतकं मोठं काही इतकं शांत थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्ही खाली वाकून बोटांनी पाणी कपाळाला लावलंत. मीही लावलं. माझ्या यादीत ती एक ओळ असेल, दुपारी बाराची, तीन मीटरच्या वरची. मी ती उद्या बघेन आणि मला माहीत असेल की त्या ओळीत काय काय उभं होतं.

तुम्ही "झालं" एवढंच म्हणालात आणि मला वाटाण्याची उसळ-भाकरी खायला घातलीत.

शुक्रवारी साहेबांना सांगितलं. तुम्हाला पंढरीनाथ साहेब माहीत आहेत, आवाज न चढवणारे. दोन्ही तक्ते टेबलावर ठेवले, सहाचा आणि बाराचा. त्यांनी ते शेजारीशेजारी ओढून पाहिले.

"हे दोन्ही एकाच यंत्राचे?"

"हो."

"आणि दोन्हीत काही खोटं नाही?"

"नाही. पण माझा अहवाल चुकीचा आहे."

ते म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं आपण दर तीन महिन्यांनी तिथे जाऊन पट्टी लावत होतो. एकदाही उधाणाच्या दुपारी नाही गेलो. का सांगू? चिखल सुका असेल तेव्हाच आपण गेलो." मग म्हणाले, "दुरुस्तीचं पत्र तुमच्या सहीने जाईल. बैठकीत उभं तुम्हीच राहायचं. त्यानंतर ऑफिसात तुमचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही."

मलाही नाही. अंकुशला रात्रपाळीहून आल्यावर सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या कारखान्यात गेजचा काटा अडकला तर आम्ही आधी काचेवर टिचकी मारतो. तू मारलीस. आता झोप." झोप आली नाही, पण जरा बरं वाटलं.

येत्या शुक्रवारी कोळगावला भेटू.

दीपा


सातपाटी
१५ डिसेंबर

दीपा बाय,

त्या दिवशी गर्दीत तू कुठं गेलीस दिसलं नाय, नि आमची गाडी सुटत हुती. म्हून जे बघितलं ते लिवते. ऐकू काय आलं नाय.

केवडी ती इमारत. फरशी एवडी गुळगुळीत की गोजराबाई भिंत धरून चालली. आमी मागच्या रांगेत बसलो. पुढं साहेब लोक. एकानं कागद वाचला, सगळ्यांनी माना हलवल्या, मला वाटलं, झालं, मंजूर. माजे पाय उठायला लागले. गोजराबाईनं माजा पदर धरला नि बोट दाखवलं. तू उबी ऱ्हायली हुतीस.

तू काय बोलत हुतीस ते नाय कळलं. तुज्या हातात कागद हुता, पन तू त्यात बघत नव्हतीस. पयल्यांदा साहेब लोक एकमेकांकडं बघून हसले. मग तू भिंतीवर चित्र लावलंस, एकाखाली एक, वरचं समुद्राचं नि खालचंबी समुद्राचं, एक पालथं एक सुलटं. तवा हसू गेलं. जो जाडा इंजिनीर पेन फिरवत बसला हुता त्यानं पेन खाली ठेवलं. चष्मा काडला, पुसला, परत घातला. सगळी खोली भरतीला थांबलेल्या पान्यावानी झाली. मला ऐकू येत नाय, पन सगळी मानसं कदी गप्प होतात ते मला तुमच्यापेक्षा आदी कळतं.

मग तू मागं वळून माज्याकडं बोट केलंस नि सगळ्यांनी मान वळवली. मी घाबरले. पदर सावरला. त्या जाड्यानं मला कायतरी इचारलं. गोजराबाई माज्या कानात वराडली, "पाऊनपट कशी करतात इचारतोय!" मी उबी ऱ्हाऊन सांगितली. त्यानं पेन उचललं नि लिवून घेतली. बाप असता तर हसला असता.

तू काय बोललीस? माज्याकडं बोट का केलंस? ते लिव. गोजराबाईला इचारलं तर म्हनते, "पोरगी खरं बोलली," नि बाकी काय सांगत नाय. तिला आवडलं की ती अशीच वागते.

नर्मदा


कुंभवली
२३ डिसेंबर

ती. मावशी,

तुमचं पत्र उशीखाली ठेवलं आहे. मी लहान नाही, पण ठेवलं आहे.

मी काय बोलले विचारलंत. घरून दोन पानं लिहून नेली होती. उभी राहिले तेव्हा त्यातलं काही वाचता आलं नाही. मी म्हणाले, "या अहवालावर माझी सही आहे आणि त्यातली पाण्याची उंची चुकीची आहे. मी दोन वर्षं समुद्राकडे फक्त सकाळी सहाला बघितलं." त्यावर ते हसले. मग चित्रं लावली. एकाने विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हणाले, "माझ्या नाही. मागे बसल्या आहेत त्यांच्या." म्हणून बोट.

गेले दहा दिवस मी त्या एका प्रश्नाशी अडले आहे. तुम्ही पत्र लिहिलं नसतंत तर? किंवा लिहिलंत आणि मी "आठवणीची खोड" म्हणून बाजूला ठेवलं असतं तर? मी ठेवलंच होतं. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं, एवढाच माझा चांगुलपणा.

ओट्याची उंची ३.८२ ठरली. बांधकाम महिनाभर पुढे गेलं. लाल खुंटी उपटून नवी ठोकायला मी गेले होते. ठेकेदाराचा तो माणूस आता जुना झाल्यासारखा नव्या मजुरांना सांगत होता, "पूनम को दोपहर में आओ, फिर बोलो."

साहेबांनी मला काढलं नाही. यापुढे माझ्या प्रत्येक तक्त्यावर आणखी कोणाचीतरी सही लागेल, आणि वेळेचा रकाना असल्याशिवाय तक्ता बाहेर जाणार नाही. हे मला शिक्षेसारखं वाटलं नाही. खरं तर जरासं वाटलं. वहीत तसं लिहिलं आहे.

एक सांगायचं राहिलं. ऑफिसात कोणी नसलं की मी ती पंचविसाव्या ओळींची यादी उघडते. काही काम नसतं. नुसती खाली उतरत जाते. पुनव, भांग, अवस, भांग. मला आता तारखा वाचाव्या लागत नाहीत.

दीपा


सातपाटी
५ जानेवारी २०२६

दीपा बाय,

परवाच्या पुनवेला आमी नऊ जनी मिठागरात गेलो. नव्या खुंटीला गोजराबाईनं हळदकुंकू लावलं. म्हटलं, "ही काय देवी हाय?" म्हनाली, "गप. दीपाची हाय."

पानी आलं. जिथं जुनी खुंटी हुती ती जागा बुडाली, वर चढत गेलं, चढत गेलं. मग नव्या खुंटीच्या खाली दोन हातांवर थांबलं. उरलंसुरलं दोन हात मोठ्या उधानासाठी. गोजराबाईनं पान्याला हात जोडले नि म्हनाली, "आता वाच कागद."

फेब्रुवारीत माल नव्या ओट्यावर जाईल. पयल्या सोड्यांचं पाकीट तुजं. पोस्टमन बोलला तर बोलू दे.

ह्या पत्रासोबत एक कागद हाय. पयल्यांदाच लिवला. शुद्ध पक्षाच्या पंधरा नि वद्याच्या पंधरा तिथ्या, नि फुडं भरतीची वेळ, पाऊनपटीनं. सुनेला नि नातीला पाठ नाय, त्यांच्यासाठी. माज्यानंतर कोन सांगनार. पन माजा हात कापतो नि चष्मा जुना हाय, कुठं चूक झाली असंल तर काड.

तीसच ओळी हायत. सगळ्या बघ.

नर्मदा